फिरता वाडा : वाघूर, घोडा आणि वसईची भातखाचरे

दिवाळी सरते, खळ्यावरची मळणी उरकते, भात कणगीत जाते आणि वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील खाचरे मोकळी होतात. तानसा नदीच्या खोऱ्यातील पारोळ, उसगाव, भाताणे या परिसरात कापणीनंतर जमिनीवर उरतात ती भाताची धसकटे, बांधावरचे वाळते गवत आणि ओल धरून राहिलेल्या कोपऱ्यांतील वालाची हिरवी शेते. याच सुमारास घाटावरचे मेंढपाळ आपले कळप घेऊन ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांच्या भातपट्ट्यात उतरू लागतात. पुढे घोड्यावर लादलेले बिऱ्हाड, मागे मेंढ्यांचा कळप, दोन्ही अंगांना कुत्री, असा हा काफिला संध्याकाळी एखाद्या खाचरात थांबतो. मेखा ठोकल्या जातात, जाळी ताणली जाते, आणि अर्ध्या-पाऊण तासात जिथे काही नव्हते तिथे शेकडो जनावरांचा गोठा उभा राहतो. सकाळी तो गोठा गुंडाळून घोड्याच्या पाठीवर जातो. मागे राहते ते खत.

या जाळीला 'वाघर' किंवा 'वाघूर' म्हणतात. संस्कृतातील 'वागुरा', म्हणजे प्राणी पकडण्याचे जाळे, याच शब्दाचे हे मराठी रूप होय. पूर्वी जी जाळी रानातील श्वापद पकडण्यासाठी वापरीत, तीच मेंढपाळाच्या हाती आपली जनावरे राखण्याचे साधन झाली. प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याला कोंडवाडा ठाऊक असतो. तो दगडविटांचा आणि कायमचा असतो, आणि त्यात जनावर जाते ते शिक्षा म्हणून. वाघूर हाही एक कोंडवाडाच. परंतु तो घरी विणलेला, खांद्यावर मावणारा आणि रोज जागा बदलणारा आहे. शिवाय ज्याच्या शेतात तो लागतो त्या शेतकऱ्याचे त्यात नुकसान नसून लाभ आहे. हा लाभ कसा होतो, त्यामागे माणसांचे व घोड्यांचे कोणते कष्ट असतात आणि वसई परिसरात आज त्याच्यासमोर कोणती अडचण उभी आहे, याचा विचार येथे केला आहे.

मेंढपाळ कोकणात का उतरतो?

दख्खनी मेंढी ही कोरड्या हवेची मेंढी आहे. पारनेर, संगमनेर, फलटण, माण या अवर्षणप्रवण भागांत पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. वसईत तो दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. सततच्या चिखलात या मेंढीचे खूर कुजतात, लोकर भिजून जड होते आणि फुप्फुसांचे विकार जडतात. म्हणून पावसाळ्यात कोकण तिला मानवत नाही. याउलट हिवाळ्यात घाटावरचे माळ उजाड होतात, पाणवठे आटतात, आणि त्याच वेळी कोकणातील खाचरांत चारा व ओढ्यांत पाणी शिल्लक असते. दोन प्रदेशांतील या फरकावरच मेंढपाळाचे वर्ष उभे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडावे, घाट उतरावा, चार-सहा महिने कोकणात काढावेत आणि मृगाच्या सरी येण्यापूर्वी घाट चढून माघारी जावे, असा हा क्रम असतो.

माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास धनगर समाजाच्या पोटजातींचा पर्यावरणाच्या अंगाने अभ्यास केला. सह्याद्रीच्या अतिपावसाच्या माथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर, आणि पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात मेंढ्या राखणारे धनगर, अशी ही विभागणी पर्जन्यमान व चारा यांच्याशी जुळणारी आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणजे ही भटकंती निरुद्देश नाही. ती ऋतुमानाचे अचूक भान ठेवून आखलेली वाट आहे.

घाट आणि बंदर यांना जोडणाऱ्या वाटाही फार जुन्या आहेत. प्राचीन शूर्पारक, म्हणजेच वसई तालुक्यातील आजचे सोपारे, हे मोठे बंदर होते. तेथून व कल्याणहून निघणारा व्यापार नाणेघाट चढून जुन्नरकडे जात असे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेण्यात कोरलेल्या लेखात यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, हत्ती व घोडे यांची नोंद आहे. लादलेल्या जनावरांची ये-जा या डोंगररांगेला दोन हजार वर्षांपासून परिचित आहे.

वाघुरीची रचना

वाघूर पूर्वी सुताच्या किंवा अंबाडी-तागासारख्या धाग्याच्या दोरीने घरीच विणली जात असे. आता बहुतेक ठिकाणी नायलॉनची दोरी वापरतात. ती हलकी असते, भिजली तरी कुजत नाही आणि लवकर वाळते. जाळीची उंची साधारणतः माणसाच्या कमरेइतकी ठेवतात. तिचे डोळे इतके लहान हवेत की कोकराचे डोके त्यात अडकू नये. वरच्या व खालच्या कडांमधून जाड दोर ओवलेला असतो. ठरावीक अंतरावर लाकडी मेखा जमिनीत ठोकून हे दोन्ही दोर त्यांना पक्के आवळले की कुंपण तयार होते. कोकणातील खाचराची माती वाळल्यावर दगडासारखी कडक होते. त्यामुळे मेखेचे टोक जाळून टणक करणे, अथवा आधी लोखंडी पहारेने भोक पाडून मग मेख बसवणे हे उपाय करावे लागतात.

जाळीच्या आत सर्व जनावरे एकत्र ठेवून चालत नाही. नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या आणि तान्ही कोकरे यांच्यासाठी वेगळा कप्पा करतात. दोन-चार दिवसांची कोकरे डालग्याखाली झाकली जातात. आजारी जनावर कळपापासून दूर बांधले जाते. कुत्री जाळीच्या बाहेर असतात आणि माणसेही घोंगडी पांघरून जाळीच्या कडेलाच झोपतात. याचे कारण उघड आहे. वाघूर मेंढीला आत ठेवते, पण बिबट्याला बाहेर ठेवू शकत नाही. तुंगारेश्वरचे डोंगर २००३ पासून वन्यजीव अभयारण्य आहेत व त्या परिसरात बिबट्याचा वावर आहे. तेथे खरे कुंपण म्हणजे जागा माणूस, कुत्रा आणि पेटती शेकोटी हेच होय.

वाघूर लावताना मेंढपाळ बहुधा गोलाकार पसंत करतो. यामागे भूमितीचा एक साधा नियम आहे. चाळीस मीटर लांबीची जाळी चौकोनी लावली, तर दहा मीटर बाजूचा चौरस होतो व आत शंभर चौरस मीटर जागा मिळते. तीच जाळी गोल लावली, तर आतील जागा सुमारे एकशे सत्तावीस चौरस मीटर भरते. म्हणजे तेवढ्याच दोरीत पंचवीस टक्क्यांहून अधिक जागा जास्त मिळते. शिवाय गोलाला कोपरे नसतात. मेंढ्या बुजल्या तर त्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. गोलात त्या कडेने फिरत राहतात. शाळेच्या मैदानावर दोरी व खुंट्या घेऊन हा प्रयोग सहज करता येतो. परीघ आणि क्षेत्रफळ यांतील फरक विद्यार्थ्यांना फळ्यावरील सूत्रापेक्षा असा लवकर उमगेल.

फिरत्या कुंपणाची ही कल्पना जगात इतरत्रही आढळते. इंग्लंडमधील चुनखडीच्या टेकड्यांवर मेंढपाळ फांद्या विणून ताटवे तयार करीत, आणि ते रोज पुढे सरकवून मेंढ्यांकडून शेत खतवून घेत. आज अनेक देशांत सौर ऊर्जेवर चालणारी, सौम्य विजेचा झटका देणारी जाळी याच कामासाठी वापरतात. साधने वेगळी असली, तरी जनावरांना पाहिजे तिथे पाहिजे तेवढाच वेळ थांबवणे हे तत्त्व सर्वत्र एकच आहे.

एका रात्रीचा हिशेब

शेतात मेंढ्या बसवणे ही पद्धत महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवी नाही. त्याबद्दल मेंढपाळाला धान्य अथवा रोख रक्कम देण्याची रीत आहे. तिचे मोल नेमके किती, हे समजून घेण्यासाठी साधा हिशेब मांडता येईल.

दाटीने बसलेल्या एका मेंढीला सुमारे एक चौरस मीटर जागा लागते असे धरले, तर शंभर मेंढ्या शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा जमीन व्यापतात. एका रात्रीत प्रत्येक मेंढीपासून अर्धा किलो लेंडी पडते असे मानले, तर त्या गुंठ्याला पन्नास किलो खत मिळते. दुसऱ्या रात्री वाघूर शेजारच्या गुंठ्यात सरकवायची. अशा प्रकारे शंभर मेंढ्यांचा कळप चाळीस रात्रींत एक एकर खतवतो. कळप चारशेचा असेल, तर तेच काम दहा रात्रींत होते आणि एकराला सुमारे दोन टन लेंडीखत बसते.

हे खत साध्या शेणखताहून कसदार असते. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. मेंढीच्या लेंडीखतात ते सुमारे तीन टक्के, स्फुरद एक टक्का आणि पालाश दोन टक्के धरले जाते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उकिरड्यावरील खतात जनावरांचे मूत्र बहुतांशी वाया जाते. मेंढ्या शेतातच बसल्या की ते थेट जमिनीत मुरते. गाडीभाडे नाही, खत पसरण्याची मजुरी नाही. मेंढ्यांच्या टोकदार खुरांनी लेंडी मातीत दाबली जाते, ती वेगळीच.

मात्र या पद्धतीला मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे योग्य होणार नाही. उन्हाने वाळलेल्या खताचा काही अंश हवेत उडून जातो. त्यामुळे वाडा उठल्यानंतर लवकरच हलकी नांगरट करणे हिताचे असते. ज्या खाचरांत ओलीवर वाल, हरभरा किंवा तूर घेतली आहे, त्यांच्याजवळ कळप बसवणे धोक्याचे असते. वसई-वाड्याकडील शेतकऱ्याला गवत-पावलीच्या विक्रीतूनही उत्पन्न मिळते. उघड्यावर रचलेल्या भाऱ्यांत मेंढ्या शिरल्या, की एका रात्रीच्या खताचा लाभ त्याच रात्रीच्या नुकसानीत बुडतो. मेंढपाळ आणि शेतकरी यांच्यातील बहुतेक तंटे अशाच प्रसंगांतून उद्भवतात.

घोडा : बिऱ्हाडाचा कणा

मेंढ्या हे या कुटुंबांचे धन असले, तरी त्यांचे घर चालते ते घोड्याच्या पाठीवर. वाघूर, मेखा, पाल, घोंगड्या, भांडीकुंडी, पिठाचे गाठोडे, कोंबड्यांचे डालगे, चालू न शकणारी कोकरे आणि कित्येकदा तान्हे मूलही घोड्यावर असते. मेंढ्या चारीत पुरुष आडवाटेने जातात. घोडे घेऊन स्त्रिया पुढच्या मुक्कामाकडे निघतात. पहाटे उठून भाकरी थापणे, सामान आवळणे, घोडे लादणे, दहा-पंधरा किलोमीटर चालणे, नव्या जागी ओझी उतरवून चूल मांडणे आणि संध्याकाळी कळप येण्यापूर्वी पाणी व सरपण आणून ठेवणे, हा त्यांचा दिनक्रम होय. या व्यवसायाची चर्चा करताना स्त्रियांच्या या श्रमांकडे बहुधा दुर्लक्ष होते.

मेंढपाळांकडील काटक, बुटका आणि डोंगरवाटांना सरावलेला घोडा म्हणजे भीमथडीचा घोडा. भीमा नदीच्या थडीवर, म्हणजे काठच्या प्रदेशात, तो वाढला म्हणून त्याला हे नाव पडले. मराठ्यांच्या घोडदळात त्याची ख्याती होती. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, त्या काळात घाटावरून कोकणात उतरणाऱ्या मराठी फौजांची मदार देशी घोड्यांवरच होती. घोडदळे गेली, पागा मोडल्या. तरीही हे वाण टिकले ते मुख्यत्वे मेंढपाळांमुळे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. एके काळी ज्याच्या पाठीवर राज्य उभे राहिले, त्या वाणाला शासकीय वंशावळीत जागा मिळाली ती पालाभोवती बांधलेल्या ओझ्याच्या घोड्यांमुळे, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

लोकदैवतांतही घोडा आणि मेंढ्यांचा वाडा एकत्र आलेले दिसतात. जेजुरीचा खंडोबा अश्वारूढ आहे आणि त्याची दुसरी पत्नी बाणाई धनगराची कन्या आहे. तिच्यासाठी देवाने वाड्यावर राहून मेंढ्या राखल्या, ही कथा धनगर समाजात श्रद्धेने सांगितली जाते. जर्मन अभ्यासक गुंथर सोनथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवर केलेल्या संशोधनात या मौखिक परंपरेचे महत्त्व दाखवून दिले.

घोड्याला वाघुरीत ठेवत नाहीत. तो बुजरा प्राणी आहे. संकटाची चाहूल लागताच पळणे हा त्याचा स्वभाव आहे, आणि सैल जाळीत खूर अडकला की तो धडपडून पाय मोडून घेतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था असते. चरताना पुढच्या पायांना पायबंद घालतात. मुक्कामात डोक्याकडून अगाडी आणि मागच्या पायाला पिछाडी बांधतात. मराठी भाषेने 'पायबंद घालणे' हा वाक्प्रचार इथूनच उचलला. रात्री घोडे वाड्याच्या बाहेरच्या अंगाला बांधले असता ते राखणही करतात. वाऱ्यावर श्वापदाचा वास आला की घोडा कान टवकारतो, फुरफुरतो आणि कुत्री सावध होतात.

घोड्याचे रोजचे काम थोडक्यात पण नेमाने करावे लागते. सकाळी चारही खूर उचलून त्यांत रुतलेले खडे काढावे. खरारा करताना पाठीवर हात फिरवून सूज वा जखम आहे काय ते पाहावे. खोगीर किंवा गादी वाकडी बसली अथवा एका बाजूचे ओझे जड झाले की पाठ लागते, आणि पाठ लागलेला घोडा महिनाभर निकामी होतो. घोडा रवंथ करीत नाही आणि त्याला ओकारीही होत नाही. त्यामुळे कुजका वा बुरशी आलेला पेंढा पोटात गेला तर पोटशूळ उठून तो दगावू शकतो. कोकणच्या दमट हवेत हा धोका अधिक. लाकडातील वा लोखंडातील खिळा पायात गेला तर धनुर्वाताची भीती असते. पाणी भरपूर, दाणा थोडा-थोडा आणि चारा कोरडा, हे जुने पथ्य आजही तितकेच खरे आहे.

ओझ्याच्या जनावरांसंबंधी १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तट्टावर सत्तर किलोंपेक्षा अधिक भार लादता येत नाही. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त, किंवा विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. जेथे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपण्यासही मनाई आहे. पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी मुक्काम गाठण्याची मेंढपाळांची जुनी रीत या नियमांशी बव्हंशी जुळते.

स्थानिक घोडेमालकांसाठी फिरते आवार

वसई परिसरात घोडा केवळ मेंढपाळांकडेच आहे असे नाही. पूर्वी वसई रोड स्थानकाहून वसई गावाकडे टांगे धावत. रिक्षा आणि बस आल्यावर ते मागे पडले. आता वरातीसाठी किंवा सहलीच्या ठिकाणी फेरी मारण्यासाठी घोडे पाळणारी कुटुंबे आढळतात. यांपैकी अनेकांजवळ स्वतःची मोकळी जागा नसते. दिवसभर आखूड दाव्याला बांधलेल्या घोड्याचे पाय सुजतात आणि स्वभाव चिडका होतो. त्यांना घरी तयार करता येईल असे फिरते आवार उपयोगी पडेल.

यासाठी गावातच मिळणारा बांबू उत्तम. सात-आठ फूट लांबीचे आडवे बांबू तीन किंवा चार ओळींत दोन उभ्या खांबांना घट्ट बांधून एक ताटी करावी. तिची उंची साडेचार ते पाच फूट असावी. खालची ओळ जमिनीपासून सुमारे एक फूट वर ठेवावी, म्हणजे लोळताना पाय अडकला तरी सुटतो. अशा आठ-दहा ताट्या एकमेकींना दोराने जोडून गोल उभा करता येतो. घोड्याला फिरायला आणि सुखाने बसायला निदान बारा फूट लांब-रुंद जागा मिळालीच पाहिजे. काटेरी तार, सैल जाळी, बाहेर आलेले खिळे किंवा बांबूची धारदार टोके यांपैकी काहीही असता कामा नये. जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, लीद उचलून खड्ड्यात टाकावी. माश्या कमी होतात आणि वाडीतील केळी व भाजीपाल्याला खतही मिळते.

वाट अडते कोठे?

वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना ३ जुलै २००९ रोजी झाली. चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून हे शहर आकाराला आले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. शहर वाढणे स्वाभाविक आहे. परंतु ते वाढताना मेंढपाळाच्या वाटेवरचे दुवे एकामागून एक तुटतात. भातखाचरांवर भराव पडतो, जागांना पक्की कुंपणे होतात, ओढ्यांची गटारे होतात. मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडताना शेकडो मेंढ्यांचा कळप, लादलेले घोडे आणि मुले यांच्या जिवाला धोका असतो. एकीकडे महामार्ग व वस्त्या, दुसरीकडे अभयारण्याची हद्द, आणि मधल्या पट्ट्यात उभी पिके, अशी कोंडी होते.

यात नुकसान केवळ मेंढपाळाचे नाही. मुक्कामाची जागा नाही म्हणून कळप आलाच नाही, तर खाचराला मिळणारे खतही जाते, आणि लहान शेतकऱ्याला ते विकत घ्यावे लागते. कळप घाईने व रात्रीच्या अंधारात पुढे काढला गेला, तर पिकांचे नुकसान आणि तंटे वाढतात. एक रात्र थांबायला जागा मिळणे किंवा न मिळणे, एवढ्याच गोष्टीवर ही सारी देवघेव उभी आहे.

कोणाकडून काय अपेक्षित आहे?

पहिले काम ग्रामपंचायतीचे आहे. गावाच्या हद्दीत कळप कोठून येतो, कोठे थांबतो आणि पाणी कोठे पितो, याची नोंद गावातील जाणत्यांना विचारून करता येते. ज्या शेतकऱ्यांना मेंढ्या बसवून हव्या आहेत त्यांची यादी कापणीपूर्वीच केली, आणि वाल-हरभऱ्याची शेते व पावलीचे भारे कोठे आहेत हे मेंढपाळांना आल्याबरोबर दाखवले, तर निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. उरलेली गायराने राखणे हेही याच कामाचा भाग होय. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणातील निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे निर्देश दिले आहेत.

वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ मध्ये भटक्या व पशुपालक समाजांच्या चराईच्या आणि हंगामी वापराच्या पारंपरिक हक्कांचा उल्लेख स्पष्टपणे आहे. मात्र अनुसूचित जमातींबाहेरील दावेदारांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. सतत फिरणाऱ्या कुटुंबाजवळ कागद नसतात. अशा वेळी ज्या गावांत ते वर्षानुवर्षे थांबत आले, त्या गावांच्या नोंदी आणि ज्येष्ठांचे जबाब मोलाचे ठरतात. ग्रामपंचायतीने आज केलेली नोंद उद्याचा पुरावा होईल.

पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळपांच्या येण्याची वेळ ठाऊक असल्यास पीपीआर, आंत्रविषार व देवी या रोगांचे लसीकरण मुक्कामावरच उरकता येते. घोड्यांना धनुर्वाताची लस आणि जखमांवर उपचार त्याच भेटीत होऊ शकतात. घोड्याच्या नाकातून चिकट स्राव आणि अंगावर गाठी दिसल्यास ग्लँडर्सचा संशय धरून तत्काळ कळवावे. हा रोग माणसालाही होतो. बिबट्याने जनावर मारल्यास वन विभागाकडे विहित मुदतीत कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. परक्या तालुक्यातील मेंढपाळाला ही वाट दाखवणे हे स्थानिक कर्मचाऱ्याचे काम आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेले मेंढी व शेळी विकास महामंडळ आणि २०१७ मध्ये सुरू झालेली राजे यशवंतराव होळकर महामेष योजना यांची माहितीही या मुक्कामांवर पोहोचली पाहिजे. योजनांची पत्रके गावच्या चावडीवर लागतात. पण ज्यांच्यासाठी त्या योजना आहेत, ती माणसे त्या वेळी दुसऱ्याच गावच्या खाचरात असतात.

शिक्षकांची जबाबदारी नाजूक आहे. स्थलांतराच्या काळात मुलाचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळण्याचा हक्क बालशिक्षण हक्क अधिनियम, २००९ ने दिला आहे. कागदपत्रांची वाट न पाहता, पालावरच्या मुलाला पंधरा दिवसांसाठी का होईना वर्गात बसवले पाहिजे. ते मूल रिकाम्या हाताने येत नाही. मेंढ्यांची मोजणी, वाटांची ओळख, जनावरांच्या आजारांची लक्षणे आणि दोरीत किती जागा मावते याचा अंदाज, हे सारे त्याला येत असते. गावातील मुलांना ते ऐकायला मिळाले, तर लाभ दोघांचाही होईल.

जेठ महिन्यात आभाळ भरून येऊ लागते, वाघुरी गुंडाळल्या जातात, घोडे लादले जातात आणि कळप पुन्हा घाटाकडे वळतात. पहिल्या पावसाने खाचरे भिजतात, दाढ पेरली जाते, आणि मेंढ्या जिथे बसल्या होत्या तिथला भात वेगळ्याच हिरव्या रंगाने उठून दिसतो. कोणत्या खाचरात किती रात्री वाडा होता, हे शेतकरी पिकाच्या रंगावरून सांगू शकतो. हीच ओळख ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत उतरली, तर पुढच्या दिवाळीनंतर येणाऱ्या घोड्याला आपली मेख ठोकायला जागा शोधत फिरावे लागणार नाही.